फादर स्टीफन्स यांचें ख्रिस्तपुराण : श्रद्धा, भाषा आणि पोथी

ज्ञानेश्वरी, भागवत, महानुभावीय ग्रंथ, बखरी आणि शकावल्या यांच्या शोधांत ज्यांनीं आयुष्य वेंचलें, अशा संग्राहकांपैकीं ख्रिस्तपुराणाची पोथी मुद्दाम पाहण्याची इच्छा फारच थोड्यांस झाली असेल. प्रस्तुत लेखकही पुष्कळ वर्षें त्या उदासीन बहुसंख्येंतच होता. ती उदासीनता कशी सुटली हें लेखाच्या शेवटीं सांगेन. तत्पूर्वीं या ग्रंथाची व ग्रंथकाराची हकीकत क्रमानें मांडतों. कारण एका परदेशस्थ ख्रिस्ती धर्मोपदेशकानें आपली श्रद्धा मराठी ओवींत सांगावयाचें ठरविलें, तेव्हां भाषा कोणती घ्यावी, संज्ञा कोणाच्या घ्याव्या आणि लिपि कोणती वापरावी, हे तीन प्रश्न त्याच्यापुढें उभे राहिले. या तिन्ही प्रश्नांचीं त्यानें दिलेलीं उत्तरें मराठी वाङ्मयाच्या इतिहासांत मोलाचीं आहेत.

(१) ग्रंथकार

फादर थॉमस स्टीफन्स यांचा जन्म इ. स. १५४९ च्या सुमारास इंग्लंडांतील विल्टशायर परगण्यांत बुश्टन या गांवीं झाला. त्या देशांत राजसत्ता प्रॉटेस्टंट पंथाची झाल्यानें रोमनिष्ठ कॅथलिकांस दंड व तुरुंगवास सोसावा लागत होता. स्टीफन्स यांनीं देश सोडला आणि १५७५ मध्यें रोम येथें जेझुइट संघांत प्रवेश केला. ४ एप्रिल १५७९ रोजीं लिस्बनहून निघालेलें त्यांचें जहाज २४ ऑक्टोबर रोजीं गोव्यास लागलें. तेथून पुढें १६१९ मध्यें देहावसान होईपर्यंतचीं ४० वर्षें त्यांनीं गोमंतकांत, आणि त्यांतही बहुतेक काळ सासष्टी प्रांतांत, काढलीं. तेथील लोक त्यांस पाद्री एस्तेवांव म्हणत.

त्यांच्या नांवावर तीन ग्रंथ आहेत. पहिला ख्रिस्तपुराण, तो १६१६ मध्यें सासष्टींतील रायतूर येथें छापला गेला. दुसरा कोंकणींतील ख्रिस्ती धर्मशिक्षणाचा लहान ग्रंथ; तो १६२२ मध्यें, म्हणजे त्यांच्या पश्चात्, छापला गेला. तिसरें कोंकणी भाषेचें पोर्तुगीज भाषेंतील व्याकरण. त्यावर दियोगु रिबेरु यांनीं संस्कार केल्यावर तें १६४० मध्यें निघालें आणि १८५७ मध्यें कुन्य रिव्हार यांनीं पुनर्मुद्रित केलें. आपल्याकडील एखाद्या लोकभाषेचें छापलेलें इतकें जुनें व्याकरण दुर्मिळच आहे.

२४ ऑक्टोबर १५८३ रोजीं आपल्या भावास लिहिलेल्या पत्रांत, या देशांतील भाषांची घडण ग्रीक व लॅटिन भाषांसारखी आहे, असें त्यांनीं नमूद केलें आहे. सर विल्यम जोन्स यांनीं संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांच्या एकमूलत्वाविषयीं सुप्रसिद्ध व्याख्यान दिलें तें १७८६ मध्यें. स्टीफन्स यांनीं सिद्धान्त मांडला नाहीं. केवळ एक निरीक्षण नोंदविलें. परंतु तें निरीक्षण २०३ वर्षें आधींचें आहे, ही गोष्ट भाषाभ्यासकानें विसरूं नये.

(२) ग्रंथरचनेचें निमित्त

ग्रंथ कोणत्या परिस्थितींत झाला हें न सांगतां नुसती त्याची स्तुति करणें इतिहासास धरून होणार नाहीं. सासष्टींतील देवालयें १५६७ मध्यें पाडण्यांत आलीं. त्याच वर्षीं भरलेल्या गोव्याच्या पहिल्या धर्मपरिषदेनें हिंदूंच्या धर्मोपदेशकांवर व ग्रंथांवर निर्बंध घातले. धर्मन्यायासन, ज्यास लोक इन्क्विझिशन म्हणतात, तें १५६० पासून गोव्यांत होतेंच. १५ जुलै १५८३ रोजीं कुंकळ्ळी येथें ग्रामस्थांच्या संतापांत पांच जेझुइट मारले गेले आणि पुढें त्याचा सूडही घेतला गेला. स्टीफन्स यांनीं भावास वर सांगितलेलें पत्र लिहिलें तें या घटनेनंतर अवघ्या तीन महिन्यांनीं. स्वदेशांत ज्याच्या पंथाचा छळ होत होता, तोच मनुष्य येथें दुसऱ्यांची उपासना बंद पाडणाऱ्या सत्तेच्या आश्रयास राहून उपदेश करीत होता, हा विरोध झांकण्याचें कारण नाहीं.

आश्चर्य हें कीं, या विरोधाची खूण खुद्द ग्रंथांतच राहिली आहे. आरंभीं कवीनें जो प्रसंग योजिला आहे त्यांत एक श्रोता पाद्रीपुढें आपलें गाऱ्हाणें मांडतो. त्याचा आशय असा कीं, पूर्वींचीं पुराणें तुम्हीं बंद केलीं. मग त्यांच्या जागीं आमच्या भाषेंत वाचावयास व गावयास कांहीं कां देत नाहीं? हें गाऱ्हाणें म्हणजे केवळ कविकल्पना नव्हे. ज्या समाजांत संध्याकाळीं पुराणिकासमोर बसण्याची चाल पिढ्यान् पिढ्या होती, त्या समाजाचा धर्म बदलला तरी कान बदलले नव्हते. धर्मप्रमुखांच्या परवान्याखेरीज जेथें पुस्तक छापतां येत नव्हतें, तेथें छापलेल्या ग्रंथाच्या आरंभींच ही तक्रार नोंदलेली आढळावी, यावरून कवीस तिचें वजन कळलें होतें असें मानावें लागतें.

(३) भाषेविषयींचा विचार

सासष्टींत घरोघर बोलली जात होती ती कोंकणी. मग पुराण मराठींत कां? याचें उत्तर स्थानिक परंपरेंत आहे. याच सासष्टींतील केळशी गांवच्या कृष्णदास शामा यांनीं शके १४४८, म्हणजे इ. स. १५२६ मध्यें, श्रीकृष्णचरित्राची कथा मराठी ओवींत रचिली होती. पोर्तुगालांतील ब्रागा येथील ग्रंथालयांत रोमन लिपींत उतरलेलीं जीं जुनीं हस्तलिखितें सांपडलीं, त्यांत रामायण-महाभारतांतील कथा कोंकणी गद्यांत आहेत आणि पद्यरचना मराठींत आहे. यावरून व्यवस्था स्पष्ट होते. बोलण्यास कोंकणी आणि देवाधर्माच्या काव्यास मराठी, असा गोमंतकाचा रिवाज होता आणि तो स्टीफन्स यांनीं तसाच उचलला.

तथापि त्यांनीं तो अंधपणें उचलला नाहीं. ग्रंथास त्यांनीं मराठी गद्यांत प्रस्तावना जोडली असून तींत आपली भाषापद्धति सांगितली आहे. तिचा भावार्थ असा : शुद्ध मराठी सामान्य जनांस कळत नाहीं, यास्तव पूर्वकवींची अवघड वचनें टाकून देऊन ब्राह्मणांच्या बोलींतील, म्हणजे कोंकणींतील, सोपे शब्द मिसळून कवित्व सुलभ केलें आहे. ग्रंथ पुराणाच्या प्रतिष्ठेचा हवा आणि तो ऐकणाऱ्या शेतकऱ्यासही कळला पाहिजे, या दोन ओढींतून ही मिश्र भाषा निर्माण झाली. पैठणास नाथमहाराजांनीं हाच प्रश्न थोड्याच वर्षांपूर्वीं सोडविला होता. त्यांनीं ज्ञानेश्वरीची प्रत शके १५०६ मध्यें, म्हणजे १५८४ त शुद्ध केली. स्टीफन्स तेव्हां सासष्टींत भाषा शिकत होते. दोघांस एकमेकांची वार्ताही असण्याचें कारण नाहीं. पण लोकभाषेंत परमार्थ सांगण्याचें ओझें एकाच काळीं गोदातीरीं आणि जुवारीतीरीं वाहिलें जात होतें.

पहिल्याच अध्यायांत मराठी भाषेची जी प्रशंसा आहे ती सर्वश्रुत असल्यानें येथें उतरून घेत नाहीं. रत्न, पुष्प, सुगंध, पक्षी, वृक्ष अशा एकेका वर्गांतील श्रेष्ठ वस्तु सांगून भाषांमध्यें मराठी तशी, असा तिचा सांचा आहे. संस्कृताभ्यासी वाचकाच्या ध्यानांत एक गोष्ट सहज येईल. हा सांचा गीतेच्या दहाव्या अध्यायांतील विभूतियोगाचा आहे. स्टीफन्स यांनीं गीता वाचली होती असें यावरून म्हणतां येत नाहीं. मराठी टीकाकारांच्या व पुराणिकांच्या द्वारें तो सांचा लोकांत मुरलेला होता, तेथून तो त्यांच्या हातीं लागला असावा. लॅटिन काव्याची स्तुतिपद्धति त्यांस अवगत असूनही मराठीची स्तुति करतांना त्यांनीं मराठीचीच पद्धति घेतली, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

(४) संज्ञांचा प्रश्न

ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्यांत सृष्टीच्या उत्पत्तीपासूनची जुन्या करारांतील कथा ३६ अध्यायांत व दुसऱ्यांत ख्रिस्तचरित्र ५९ अध्यायांत आलें आहे. अध्यायास ‘अवस्वरू’ अशी संज्ञा आहे. एकंदर ओव्या १०,९६२. आरंभीं नमन आहे आणि श्रोत्यांशीं संवादही आहे. थोडक्यांत, बाह्य घाट संपूर्णपणें पुराणाचा आहे.

खरी अडचण आंतील शब्दांची. परमेश्वर, मोक्ष, तारक, वैकुंठ हे शब्द स्टीफन्स यांनीं बेधडक वापरले. आतां ‘वैकुंठ’ म्हटलें कीं श्रोत्याच्या मनांत शेषशायी उभा राहणारच. तो नको असेल तर शब्द टाकावा लागतो. शब्द ठेवला तर कांहीं अंशीं जुना अर्थही ठेवावा लागतो. या पेंचांत सांपडलेल्या लेखकास दोनच वाटा असतात. एक, परकी संज्ञा जशीच्या तशी आणून बसविणें. यांत अर्थ नेमका राहतो, पण ऐकणाऱ्याच्या हृदयांत कांहीं हलत नाहीं. दुसरी, देशी संज्ञा घेऊन भोंवतालच्या कथेनें तिला नवा अर्थ देणें. यांत शब्द लगेच भिडतो, पण अर्थ निसटण्याचें भय असतें. स्टीफन्स यांनीं महत्त्वाच्या जागीं बहुधा दुसरी वाट धरिली. धर्मन्यायासनाच्या सावलींत राहून ती धरणें यास श्रद्धेचा मोठा आत्मविश्वास लागतो. आपली कथा या शब्दांस पुरून उरेल, असा भरंवसा असल्याखेरीज कोणी असें करीत नाहीं.

तीनशें वर्षांनंतर रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्यापुढें हाच प्रश्न उलट्या बाजूनें आला. स्टीफन्स बाहेरून मराठींत आले. टिळक मराठी संतपरंपरेंत वाढून १८९५ मध्यें ख्रिस्ती झाले. त्यांनीं अभंग सोडला नाहीं आणि ख्रिस्तचरित्राचें महाकाव्यही ओवीबद्ध करावयास घेतलें. तें ‘ख्रिस्तायन’ अपुरें राहिलें, तें लक्ष्मीबाईंनीं पुढें चालविलें. दोन भिन्न पंथांच्या, भिन्न शतकांतील लेखकांनीं एकच छंद निवडावा, हा योगायोग नव्हे. मराठी माणूस जी गोष्ट मनापासून मानतो ती गाऊन सांगतो, हें दोघांसही उमगलें होतें.

(५) लिपि आणि खिळे

गोव्यांत छापखाना १५५६ मध्यें आला. पण खिळे रोमन. ख्रिस्तपुराण त्याच खिळ्यांनीं छापलें गेलें. ग्रंथकाराची इच्छा मात्र निराळी होती. ५ डिसेंबर १६०८ रोजीं रोम येथील आपल्या संघप्रमुखांस लिहिलेल्या पत्रांत त्यांनीं कळविलें कीं, मलबारांत जशीं तेथील लिपींत पुस्तकें छापलीं गेलीं तशीं या प्रांतांतही देशभाषेंत व देशलिपींत व्हावीं, ही माझी फार वर्षांची मनीषा आहे. अडचण अशी कीं युरोपांत २४ अक्षरांवर काम भागतें, तर येथें जोडाक्षरें व स्वरयुक्त अक्षरें मिळून सुमारें ६०० ठसे पाडावे लागतात. शिवाय वरिष्ठांची आज्ञा हवी.

ती विनंती फळास आली नाहीं. देवनागरी खिळ्यांनीं मराठी भाषेचें व्याकरण छापलें गेलें तें सेरामपूर येथें केरी यांनीं १८०५ मध्यें; म्हणजे पत्रानंतर १९७ वर्षांनीं. ज्या १६०८ सालीं हें पत्र लिहिलें गेलें, त्याच सालीं, शके १५३० मध्यें, आमच्या परतुराच्या शेजारच्या जांब गांवीं समर्थ रामदासांचा जन्म झाला. समर्थांचा दासबोध हातांनीं नकलून मठोमठीं पसरला; तो छापण्याचें साधन महाराष्ट्रांत पुढें दोन शतकें नव्हतें. सहाशें ठशांची ती मागणी मान्य झाली असती तर मराठी मुद्रणाचा इतिहास कोणीकडे गेला असता, याचा तर्क करणें व्यर्थ असलें तरी मनास चटका लावतें.

(६) पोथ्यांचा इतिहास

१६१६ नंतर ग्रंथ १६४९ व १६५४ मध्यें पुनः छापला गेला. परंतु या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आजतागायत उजेडांत आलेली नाहीं. २७ जून १६८४ रोजीं विसरईनें देशभाषेच्या वापरावर बंदीचें फर्मान काढलें, १७५९ मध्यें जेझुइटांस पोर्तुगीज मुलुखांतून घालवून देण्यांत आलें, आणि उरलेलें काम कोंकणच्या दमट हवेनें व वाळवीनें केलें. ग्रंथ वांचला तो गोव्याहून कानडा प्रांतांत गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांच्या घरीं. त्यांनीं तो रोमन लिपींतच हातानें नकलून ठेवला व गाइला. अशा हस्तलिखितांवरून जोसेफ साल्दान्य यांनीं १९०७ मध्यें मंगळूर येथें तो रोमन लिपींत प्रसिद्ध केला.

त्यानंतरचा शोध अधिक महत्त्वाचा. विल्यम मार्सडेन (मृत्यु १८३६) या इंग्रज प्राच्यविद्यापंडिताच्या संग्रहांतून लंडनच्या प्राच्यविद्यालयांत गेलेल्या कागदांत ख्रिस्तपुराणाचें देवनागरी हस्तलिखित आहे, असें डॉ. जस्टिन ॲबट यांनीं १९२३ मध्यें जाहीर केलें. त्यांत दोन भागांस आदिपुराण व देवपुराण अशीं नांवें आहेत. रोमन पाठांत धर्मसंस्कार व उपासना यांविषयीं जेथें पोर्तुगीज शब्द येतात, तेथें या पोथींत बहुधा संस्कृत शब्द आढळतात. यांतील मूळ पाठ कोणता? ॲबट यांनीं देवनागरीच्या बाजूनें कौल दिला. कवीचें मूळ लेखन संस्कृतप्रचुर होतें व छापतांना चर्चच्या परिभाषेशीं तें जुळविलें गेलें, असा तो पक्ष. उलट, मागाहून कोणी विद्वानानें तें संस्कृतमय केलें, असेंही म्हणतां येतें. १६१६ ची छापील प्रत मिळेपर्यंत निर्णय देण्याची घाई करूं नये. नागरी लिपींत ग्रंथ सर्वांच्या हातीं आला तो शांताराम बंडेलू यांच्या १९५६ च्या पुण्याच्या आवृत्तीनें. पुढें कारिदाद द्रागो यांची आवृत्ति १९९६ मध्यें निघाली आणि मार्सडेन प्रतीचा पाठ नेल्सन फाल्काव यांनीं २००९ मध्यें प्रसिद्ध केला.

(७) अशी पोथी कशी ओळखावी

संग्राहकांच्या उपयोगासाठीं कांहीं खुणा देतों. रोमन अक्षरांतील जुना कागद पाहतांच तो पोर्तुगीज किंवा लॅटिन समजून बाजूस टाकूं नये. दोनचार शब्द मोठ्यानें वाचून पाहावे. ‘एक्स’ हें अक्षर श किंवा ष याबद्दल असतें. ण, ळ हे मूर्धन्य वर्ण दाखविण्यासाठीं त्या त्या रोमन अक्षराचें द्वित्त केलेलें असतें. ‘पुराण’ या शब्दांत ‘एन्’ दोनदां येतो. शब्दाच्या शेवटीं येणारा ‘एम्’ हा म नसून अनुस्वार आहे. व हा वर्ण केव्हां ‘व्ही’नें तर केव्हां ‘यू’नें लिहितात. या शेवटल्या दोन खुणा न कळल्यामुळें ओवी ओवीसारखी वाचली जात नाहीं आणि कागद रद्दींत जातो.

या लेखनपद्धतीचा आणखी एक लाभ आहे. नागरी लेखक परंपरेनें लिहितो. परभाषी लेखक कानानें लिहितो. त्यामुळें सतराव्या शतकांत नपुंसकलिंगी शब्दांच्या अंतीं अनुनासिक स्पष्ट उच्चारला जात होता, यास हे कागद स्वतंत्र साक्षी आहेत.

(८) समारोप

आतां आरंभीं सांगितलेली गोष्ट. सुमारें ३० वर्षांपूर्वीं, सुट्टीच्या दिवसांत दुधनेच्या कांठच्या गांवांतून पोथ्या पाहत हिंडण्याचा मला नाद होता. परतुरास माझ्याकडे एक वृद्ध ख्रिस्ती गृहस्थ फडक्यांत बांधलेली एक वही घेऊन आले. आमच्या या भागास ख्रिस्ती मंडळी नवीं नव्हेत. जालन्याजवळ बेथेल ही वसाहत रेव्हरंड नारायण शेषाद्रि यांनीं एकोणिसाव्या शतकांत वसविली होती. वहींत बाळबोध अक्षरांत साक्या, दिंड्या व ओव्या होत्या आणि मधून मधून निरूपण. पहिलीं पानें गेलेलीं. अहमदनगरकडे कृष्णराव सांगळे यांनीं जी ख्रिस्ती कीर्तनाची पद्धति रुजविली, तिच्यांतील ती एखाद्या कीर्तनकाराची चोपडी असावी, असें आज वाटतें. तेव्हां मीं दोन पानें चाळलीं आणि ‘हें अलीकडचें आहे, आमच्या संग्रहांत बसणारें नाहीं’ असें म्हणून परत केली. ते कांहीं बोलले नाहींत. फडक्याची गांठ त्यांनीं फार सावकाश बांधली, एवढें आठवतें.

पुढें ख्रिस्तपुराण वाचनांत आलें आणि त्या वहीची आठवण झाली. चौकशी केली तेव्हां ते गृहस्थ वारले होते. घर पावसांत पडून नवें बांधलें गेलें होतें आणि कागदांचा ठिकाणा नव्हता. वही मोठ्या मोलाची होतीच असें मी म्हणत नाहीं. तें ठरविण्याचा अधिकार मीं न वाचतांच वापरला, हा माझा दोष. शेंकडों लहान पोथ्यांच्या कडेला स्वस्तिक किंवा श्रीकार पाहून मीं त्या जपून ठेविल्या आणि ही एक क्रूस पाहून परत केली.

ज्यांनीं पुराणें बंद केलीं त्यांचा दोष इतिहासानें लिहून ठेवावा; तो वर लिहिलाच आहे. परंतु त्याच छापानें आपणही पोथ्यांची निवड करूं लागलों, तर त्या परिषदेंत आणि आपल्या संशोधनांत अंतर किती राहिलें? पोथी कोणत्या देवाची आहे हें संग्राहकानें शेवटीं पाहावें. कागद, अक्षर, शाई, भाषा आणि पुष्पिका हीं आधीं पाहावीं.

यास्तव वाचकांस विनंति आहे. गोव्याकडील, मंगळुराकडील, वसईकडील किंवा आपल्या मराठवाड्यांतील ख्रिस्ती घरांत जुनी वही, सुटीं पानें किंवा गाण्यांची चोपडी असेल, तर ती पाहून निदान तिची नोंद करावी. मालकाच्या संमतीनें छायाचित्र घ्यावें. १६१६, १६४९ किंवा १६५४ च्या छापाचें एक पान जरी मिळालें, तरी मूळ पाठाचा वाद पुष्कळ अंशीं मिटेल. तें कोणाच्या माळ्यावर आहे हें आज सांगतां येत नाहीं. पण कोणी फडक्याची गांठ सोडून आपल्यापुढें ठेवील, तेव्हां ती वही शेवटच्या पानापर्यंत वाचल्याखेरीज परत करूं नये, एवढें माझ्या चुकीवरून सांगतां येतें.